भूगंधर्व रहिमतखाँ : तालीम, भ्रम आणि सांभाळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुरेलपणाचा दाखला द्यायचा झाला की महाराष्ट्रातील गवई ज्यांचे नाव घेत, त्या रहिमतखाँ हद्दूखाँ यांची ओळख आज संगीताच्या जाणकारांपलीकडे फारशी उरलेली नाही. ग्वाल्हेर घराण्याच्या आद्य पुरुषांपैकी एक असलेल्या हद्दूखाँचे हे पुत्र होते, समकालीनांनी त्यांना ‘भूगंधर्व’ म्हणून गौरवले होते, आणि तरीही आयुष्याचा मोठा भाग त्यांनी मनाचा तोल हरवलेल्या अवस्थेत, अफूच्या अंमलाखाली व दुसऱ्याच्या आधाराने काढला. त्यांचा अंत झाला तो वडिलांच्या ग्वाल्हेरपासून शेकडो कोस दूर, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाड या लहानशा संस्थानी गावात, १९२२ साली. हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात मोडते आणि कोल्हापूर शहराच्या दक्षिण वेशीवरील कळंब्यापासून पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर आहे; परंतु कोल्हापूरच्या संगीताचा इतिहास सांगताना दरबारातील गवई अल्लादियाखाँ आणि त्यांचे आश्रयदाते शाहू छत्रपती यांच्या नावांपाशी जितके थांबले जाते, तितके कुरुंदवाडच्या या पाहुण्यापाशी थांबले जात नाही.

रहिमतखाँविषयी जे काही बोलले व लिहिले गेले आहे त्यात त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कथांचा भरणा फार आहे. लहर लागली तर गाणारा, नाही तर राजापुढेही तोंड न उघडणारा, गाता गाता मध्येच उठून जाणारा असा एक वेडा गंधर्व या कथांमधून उभा राहतो, आणि ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की वेड आणि गाणे या एकाच झऱ्याच्या दोन धारा असाव्यात. प्रस्तुत चरित्राच्या वाचकाने ही समजूत सुरुवातीसच बाजूला ठेवणे आवश्यक आहे. रहिमतखाँचे गाणे आजारातून आलेले नाही. ते आजारापूर्वी, कठोर तालमीतून, वडिलांच्या समोर बसून घडले. आजाराने ते गाणे त्यांच्याकडून काही वर्षे जवळजवळ हिरावून घेतले, आणि ते परत मिळाले ते एका मराठी माणसाने व त्याच्या भावाने वर्षानुवर्षे केलेल्या सांभाळामुळे. या तीन गोष्टी, म्हणजे तालीम, भ्रम आणि सांभाळ, एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या तरच या गायकाचे मोल नीट कळते.

प्रथम तालमीविषयी. ख्याल हा हिंदुस्थानी कंठसंगीताचा आज सर्वाधिक प्रचलित असलेला प्रकार होय. त्यात दोन-चार ओळींची बंदिश, म्हणजे राग व ताल यांत बांधलेली रचना, आधाराला घेऊन गायक आलाप, बोल आणि तानांनी रागाचा विस्तार करीत जातो. हा प्रकार ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराच्या आश्रयाने ज्या कुटुंबात पक्का झाला त्याचे मूळ पुरुष नत्थन पीरबक्ष हे लखनौकडून ग्वाल्हेरला आले, आणि त्यांचे नातू हस्सूखाँ व हद्दूखाँ यांनी या गायकीला तिचे प्रसिद्ध रूप दिले. बडे महंमदखाँ या दुसऱ्या थोर गवयाच्या अवघड ताना या भावांनी पडद्याआड बसून ऐकल्या व आत्मसात केल्या, ही आख्यायिका ग्वाल्हेर परंपरेत आजही सांगितली जाते. तसेच एक प्रचंड तान घेताना हस्सूखाँच्या बरगडीला इजा झाली आणि त्यातून त्यांचा अंत ओढवला, असेही सांगतात. या कथांचा शब्दन् शब्द खरा मानण्याचे कारण नाही, परंतु गाणे हे देहाने पेलायचे ओझे आहे आणि ते पेलताना देह मोडूही शकतो ही जाणीव त्या घराण्याच्या स्मृतीत किती खोल होती, हे त्यांवरून दिसते.

ग्वाल्हेर गायकी मोकळ्या आवाजाची, बंदिशीला प्राण मानणारी आणि रागाचे रूप पहिल्या काही स्वरांतच उघड करणारी मानली जाते. तिला ‘अष्टांगप्रधान’ म्हणतात, म्हणजे आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, लयकारी, गमक, मींड, मुरकी अशी गाण्याची सर्व अंगे तिच्यात आपापल्या प्रमाणात यावीत अशी अपेक्षा असते. (या आठ अंगांची यादी निरनिराळे गुरू थोडी निरनिराळी देतात.) असे सर्वांगी गाणे गळ्यावर चढायला लहानपणापासून अनेक वर्षे लागत. खानदानी गवयाच्या मुलाला ही तालीम घरातच मिळे. पहाटेचा खर्ज, तासन्‌तास एकाच स्वरावर ठेवलेला ‘आ’कार, एकच तान शेकडो वेळा घोटून घेणे, आणि वडील शिष्यांना शिकवीत असताना कोपऱ्यात बसून कानावर पडलेले सगळे साठवणे, असा तिचा क्रम होता. रहिमतखाँ या शिस्तीत वाढले. त्यांच्या पुढील आयुष्यात मनाची घडी विसकटल्यावरही गळ्याची घडी शाबूत राहिली, हे आश्चर्य ज्यांना वाटते त्यांनी या तालमीचे स्वरूप लक्षात घ्यावे. इतक्या लहान वयात आणि इतक्या वेळा गिरवलेली गोष्ट विचारांच्या आधीन राहत नाही, ती देहाच्या सवयीत उतरते, आणि स्मृतीचे इतर कप्पे ढासळले तरी ती बहुधा शेवटपर्यंत टिकते.

हद्दूखाँ १८७५ च्या सुमारास निवर्तले. रहिमतखाँचे थोरले बंधू महंमदखाँ, ज्यांच्याकडे घराण्याचा वारस म्हणून पाहिले जात होते, तेही अकाली गेले. वडील हेच गुरू आणि भाऊ हाच गाण्यातला जोडीदार, अशा मुलावर या मृत्यूंचा आघात केवळ कुटुंबीयांच्या वियोगाचा नव्हता. ज्यांच्यासमोर गायचे आणि ज्यांच्याकडून दाद घ्यायची ती माणसेच उरली नाहीत. यानंतर त्यांचे मन भ्रमिष्ट झाले, अफूचे व्यसन जडले, आणि ग्वाल्हेर सुटून ते भटकू लागले, असे त्यांचे चरित्रकार एकमुखाने सांगतात.

अफूविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या वाचकाला ती केवळ गुन्हेगारीशी जोडलेली वस्तू वाटते. त्या काळी मध्य हिंदुस्थानातील माळवा हा अफूच्या लागवडीचा मोठा प्रदेश होता आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्याचा बराच मुलूख त्यात येत असे. ब्रिटिश सरकारने १८७८ च्या कायद्याने तिच्या विक्रीवर परवान्याची पद्धत बसवली होती, पण परवानाधारक दुकानात ती उघड मिळत असे. खोकला, जुलाब, अंगदुखी यांवर घरगुती औषध म्हणून तिचा वापर सर्रास होई, रडणाऱ्या मुलांनाही ती चाटवली जाई, आणि १८९३ साली ब्रिटिश संसदेच्या मागणीवरून नेमलेल्या अफू आयोगासमोर तिच्या वापराचे समर्थन करणाऱ्या साक्षी मोठ्या संख्येने झाल्या. दु:खाने गांजलेल्या तरुण गवयाच्या हाती ती सहज लागली यात नवल नाही. दु:ख, आजार आणि नशा या तिन्हींचा गुंता इतका झाला होता की त्यांतील कोणते कारण आणि कोणता परिणाम हे दुरून ठरवता येत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या अवस्थेला आजच्या मनोविकारशास्त्रातील एखादे नाव चिकटवण्याचा मोह आवरलेला बरा. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्दच स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली वापरात आणला, आणि अशा आजारांवरचे पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझीन, १९५२ मध्ये म्हणजे रहिमतखाँच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी रुग्णांना मिळू लागले. त्यांच्या हयातीत सरकारी उपाय होता तो वेड्यांच्या इस्पितळाचा, ज्याचा हेतू उपचारापेक्षा कोंडून ठेवण्याचाच अधिक असे. त्या भिंतींआड गेलेला गवई पुन्हा मैफलीत बसला असता, याची शक्यता फार थोडी होती.

ती वेळ आली नाही याचे श्रेय विष्णुपंत छत्रे यांना आहे. मराठी वाचकाला विष्णुपंत ठाऊक असतात ते हिंदी सर्कशीचे जनक म्हणून. ते कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. घोडे शिकवण्यात, म्हणजे ज्याला जुन्या मराठीत चाबुकस्वारी म्हणत त्या विद्येत, त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांशी त्यांचा निकटचा संबंध होता. जुझेप्पे किआरिनी या इटालियन मालकाची सर्कस मुंबईत आली तेव्हा असले खेळ हिंदी लोकांना जमणे शक्य नाही असे उद्गार तिच्या मालकाने काढले, आणि ते आव्हान समजून विष्णुपंतांनी १८८० साली मुंबईत आपल्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. या सर्कशीने पुढे हिंदुस्थानभर आणि समुद्रापलीकडेही दौरे केले; केरळातील तलश्शेरी येथे तिचा मुक्काम झाला तेव्हा तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुंञिकण्णन यांनी तिच्यापासून स्फूर्ती घेतली आणि पुढे केरळ हे सर्कशीतील कलावंतांचे माहेरघर बनले.

या माणसाची मूळ ओढ मात्र गाण्याची होती, ही गोष्ट सर्कशीच्या इतिहासात झाकली जाते. तरुणपणी विष्णुपंत ग्वाल्हेरला गेले ते हद्दूखाँकडे गाणे शिकण्याच्या इच्छेने, आणि तेथे अश्वविद्या आणि गाणे अशा दोन्ही विद्या त्यांनी जवळ केल्या. गुरूच्या घरात वावरलेल्या या शिष्याने रहिमतखाँना त्यांच्या उमेदीच्या दिवसांत पाहिले-ऐकलेले होते. पुढे सर्कशीचा मुक्काम काशीला असताना रस्त्यावर भणंग अवस्थेत भटकणारा माणूस हा आपल्या गुरूचा मुलगा आहे हे त्यांच्या लक्षात आले, आणि ते त्यांना आपल्याबरोबर घेऊन आले. गुरुपुत्राला गुरूइतकाच मान देण्याची जी रीत संगीताच्या जगात तोंडी सर्वांच्या असते आणि आचरणात थोड्यांच्या, ती येथे अक्षरश: पाळली गेली.

यानंतर रहिमतखाँ सर्कशीच्या लवाजम्याबरोबर फिरू लागले. तंबू, घोडे, वाघसिंहांचे पिंजरे, रेल्वेच्या वाघिणी आणि गावोगावचे मुक्काम यांच्या गर्दीत एक मुका झालेला गवई हळूहळू पुन्हा गाऊ लागला, हे चित्र विलक्षण आहे खरे. पण त्यातील विलक्षणपणापेक्षा त्यामागचे दैनंदिन कष्ट अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांना वेळेवर खायला घालणे, स्वच्छ कपडे घालणे, अफूची मात्रा हाताबाहेर जाऊ न देणे, हरवू नयेत म्हणून सोबत माणूस ठेवणे, आणि गाण्याची लहर येईल तेव्हा तंबोरा व साथीदार तयार ठेवणे, ही कामे कुणीतरी दररोज करीत होते. विष्णुपंतांनंतर हीच जबाबदारी त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी पार पाडली. संगीताच्या ग्रंथांत काशिनाथपंतांचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते. वास्तविक रहिमतखाँची उत्तरायुष्यातील प्रत्येक मैफल ज्यांच्यामुळे शक्य झाली त्यांत त्यांचा वाटा गवयाच्या खालोखाल आहे.

हा सांभाळ निर्मळ होता काय, हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या माणसाला आपले हित-अहित कळत नव्हते त्याच्या मैफली दुसरी माणसे ठरवीत होती, त्याच्या नशेची वेळ व मात्रा त्यांच्या हाती होती, आणि गाण्याची बिदागीही तेच स्वीकारीत होते. आजच्या न्यायाने पाहिले तर, विशेषत: रुग्णाच्या स्वत:च्या इच्छेला मध्यवर्ती स्थान देणाऱ्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंतर, या व्यवस्थेत खटकण्याजोगे पुष्कळ आहे. तरीही तिला शोषण म्हणणे अन्यायाचे ठरेल. छत्र्यांचा चरितार्थ रहिमतखाँच्या गाण्यावर चालत नव्हता. त्यांची सर्कस त्या काळी भरभराटीत होती, आणि सांभाळण्याचा खर्च व त्रास पाहता गवई हा त्यांच्या व्यवहारातला तोट्याचाच भाग असला पाहिजे. गाणे बंद असलेल्या दिवसांतही अन्न आणि निवारा बंद झाला नाही, ही कसोटी पुरेशी आहे.

रहिमतखाँ कसे गात, याविषयीच्या साक्षी बऱ्याच आहेत आणि त्या एका मुद्द्यावर जुळतात : त्यांच्या स्वराइतका सच्चा स्वर ऐकलेला नाही, असे ऐकणारे म्हणत. आवाज उंच पट्टीचा, टोकदार तरीही गोड, ‘आ’कार पूर्ण उघडा, तान सरळ, दाणेदार आणि अनायास. ग्वाल्हेरच्या आठही अंगांचा हिशेब ते मांडीत बसत नसत. वडिलांच्या गायकीतील पराक्रमाचा, चढाईचा भाग त्यांच्या गाण्यात मागे पडला आणि स्वरावरचा विसावा पुढे आला. ठुमरीसारख्या, भावाला अग्रस्थान देणाऱ्या लहान प्रकारातही त्यांची गती मोठी होती. हा बदल आजारामुळे झाला, की मुळातच त्यांचा पिंड तसा होता, या प्रश्नावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतो. परंतु ज्या गवयाला समोरच्या श्रोत्याला जिंकायचे नाही, कुणाशी चुरस करायची नाही आणि आपल्या कीर्तीची शुद्धही नाही, त्याच्या गाण्यातून प्रदर्शनाचा अंश आपोआप गळून जाणे स्वाभाविक होते, इतके म्हणता येते.

ते ज्या भूभागात येऊन राहिले त्याचा विचार केल्याशिवाय त्यांच्या प्रभावाचा उलगडा होत नाही. मिरज, सांगली, कुरुंदवाड, इचलकरंजी, कोल्हापूर ही सारी गावे एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूत आहेत, आणि १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत हिंदुस्थानी संगीताच्या जवळजवळ सर्व प्रमुख धारा या टापूत एकत्र आल्या होत्या. हस्सूखाँ-हद्दूखाँ यांच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून विद्या घेऊन आलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस व पुढे इचलकरंजीस शिकवीत होते. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर हे तर १८७२ साली कुरुंदवाडलाच जन्मले; लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांना गाण्याकडे वळवण्यात आले, आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताचे शिक्षण घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आणले. कोल्हापूरच्या दरबारात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने अल्लादियाखाँ होते, ‘गायन समाज देवल क्लब’मध्ये मैफली रंगत होत्या, आणि मिरजेत पुढे अब्दुल करीमखाँ स्थायिक झाले.

हस्सूखाँ-हद्दूखाँचा वारसा अशा रीतीने दोन वाटांनी एकाच नदीखोऱ्यात उतरला. एक वाट शिष्यपरंपरेची, वासुदेवबुवांकडून बाळकृष्णबुवांकडे आणि त्यांच्याकडून पलुसकरांकडे जाणारी : शिस्तीची, स्वरलिपीची, विद्यालयांची आणि परीक्षांची. दुसरी रक्ताच्या नात्याने आलेली : रहिमतखाँची, जिच्यात शिकवणे नाही, शाळा नाही, शिष्यांची रांग नाही. पहिल्या वाटेचा इतिहास सविस्तर लिहिला गेला आहे, कारण संस्था आपली कागदपत्रे जपून ठेवतात. दुसरीचा इतिहास केवळ ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिला. परंतु कोणाचे कान होते ते पाहिले म्हणजे या वाटेचेही महत्त्व ध्यानात येते.

अब्दुल करीमखाँ हे किराणा घराण्याचे प्रवर्तक. स्वराच्या सूक्ष्म सच्चेपणावर आणि संथ, शांत आलापीवर त्या घराण्याचा सारा भर असतो. सारंगीच्या घरात जन्मलेल्या या गायकाच्या आवाजाला आणि आलापीला जे वळण मिळाले त्यात रहिमतखाँच्या गाण्याचा संस्कार मोठा होता, हे त्यांच्या परंपरेतील लोकही मान्य करीत आले आहेत. भैरवीतील ‘जमुना के तीर’ ही ठुमरी आज अब्दुल करीमखाँची म्हणून ओळखली जाते, आणि पुढे भीमसेन जोशींच्या गळ्यातून ती लाखो श्रोत्यांपर्यंत गेली. परंतु त्यापूर्वी ती रहिमतखाँची होती. मनाचा ठावठिकाणा हरवलेल्या माणसाची एक भैरवी त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे मैफलींचा शेवट करीत राहावी, याहून मोठी पावती कोणत्या गवयाला मिळाली असेल, हे सांगणे कठीण आहे.

दुसरे उदाहरण खुद्द कोल्हापूरचे. अल्लादियाखाँचे मधले चिरंजीव मंजीखाँ हे वडिलांच्या गुंतागुंतीच्या, पेचदार जयपूर गायकीत तयार झालेले. परंतु रहिमतखाँच्या गाण्याने ते इतके भारले गेले की पितापुत्रांत गाण्याच्या दिशेवरून अंतर पडले, आणि मंजीखाँनी काही काळ मैफलींपासून दूर राहून संस्थानच्या जंगल खात्यात नोकरी केली, असे जयपूर घराण्यात सांगितले जाते. पुढे ते गाण्याकडे परतले तेव्हा त्यांच्या गाण्यात वडिलांच्या आकृतिबंधाला एक मोकळा, भावपूर्ण स्वर लाभला होता. १९३७ साली ते तुलनेने तरुणपणीच निवर्तले. पण तत्पूर्वी मल्लिकार्जुन मन्सूर यांना त्यांची तालीम मिळाली होती. मन्सूरांच्या गाण्यातील अखंड, ओसंडणाऱ्या स्वरप्रवाहाचे मूळ शोधत मागे जाणाऱ्याला एक पाऊलवाट कुरुंदवाडपर्यंत नेते, असे म्हणण्यास आधार आहे.

रहिमतखाँच्या गाण्याच्या काही ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, ही संगीताच्या इतिहासातील भाग्याची गोष्ट होय. त्या त्यांच्या उतारवयातील आहेत आणि त्या ऐकण्यापूर्वी तंत्राची एक बाजू समजून घ्यावी लागते. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरुवात झाली. विजेवर चालणारा मायक्रोफोन वापरात आला तो १९२५ नंतर. त्यामुळे १९२२ साली निवर्तलेल्या गायकाचा आवाज केवळ यांत्रिक पद्धतीने मुद्रित झालेला आहे : गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या दाबाने दुसऱ्या टोकाची पातळ तबकडी कंप पावायची, आणि तिला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरीत जायची. खर्जातील स्वर आणि तंबोऱ्याचा झंकार या पद्धतीत जवळजवळ नाहीसे होत, आणि ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळे. ज्या गवयाला आपली लहर हेच घड्याळ होते त्याला कर्ण्यासमोर बसवून, नेमक्या क्षणी सुरू करायला व थांबायला लावणे ही किती कठीण गोष्ट असेल, याची कल्पना करता येते. तरीही त्या तीन मिनिटांत वरच्या षड्जावर आवाज पोचतो तेव्हा समकालीनांनी केलेले वर्णन अतिशयोक्तीचे नव्हते, याची खात्री पटते. या मुद्रिका जुन्या आहेत म्हणून आदराने नव्हे, तर आजच्या कोणत्याही गाण्यासारख्याच कठोर कानाने ऐकाव्यात, त्या टिकतात.

अशा आयुष्याची जोड अन्यत्र पाहायची तर अमेरिकेतील सोल गायक डॉनी हॅथवे यांच्याकडे पाहता येईल. सोल हा कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीते आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे लौकिक संगीत यांच्या मीलनातून १९५० नंतर घडलेला गानप्रकार होय. त्यात धर्मगीताची आर्तता मानवी प्रेमाच्या व दु:खाच्या शब्दांत ओतलेली असते. १९४५ साली शिकागोत जन्मलेले हॅथवे आजीच्या छायेत चर्चमध्ये गात वाढले, हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले, आणि रॉबर्टा फ्लॅक यांच्यासह गायलेल्या युगुलगीतांनी १९७२ मध्ये त्यांना मोठी कीर्ती दिली. त्याच सुमारास त्यांना स्किझोफ्रेनियाने ग्रासले. औषधे आणि इस्पितळाच्या वाऱ्या यांत त्यांच्या कामाची अनेक वर्षे गेली. फ्लॅक यांनी त्यांना पुन्हा ध्वनिमुद्रणासाठी बोलावले आणि ते काम चालू असतानाच, १९७९ च्या जानेवारीत, न्यू यॉर्कमधील हॉटेलच्या उंच मजल्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. ते तेहतीस वर्षांचे होते. चर्चमधील गायन आणि विद्यापीठातील शिक्षण हे त्यांच्या कलेचे पाये आजारापूर्वीच घातले गेले होते, आणि आजाराने त्यांच्या सुरांत भर घातली नाही, वर्षे मात्र घेतली. त्यांच्यापाशी औषधे होती, नावाजलेली रुग्णालये होती, मैत्रीण म्हणावी अशी थोर सहगायिकाही होती. रहिमतखाँपाशी यांतील काहीच नव्हते, पण रात्रंदिवस सोबत असणारी माणसे होती. दोन आयुष्यांच्या लांबीतील फरकाचे सगळे कारण एवढेच आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि या फरकाकडे दुर्लक्षही करता येत नाही.

१९२२ हे वर्ष या प्रदेशाच्या संगीतावर मोठा घाव घालणारे ठरले. एप्रिलमध्ये थोर गायक भास्करबुवा बखले गेले, मे महिन्यात शाहू छत्रपतींचे मुंबईत निधन झाले आणि त्यानंतर अल्लादियाखाँनी कोल्हापूर सोडून मुंबईची वाट धरली. त्याच वर्षी कुरुंदवाडला रहिमतखाँ संपले. संस्थानांच्या आश्रयाने उभे राहिलेले गाणे यापुढे शहरातील तिकिटांच्या जलशांकडे, ग्रामोफोनकडे आणि लवकरच रेडिओकडे वळणार होते. त्या नव्या जगात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मुदतीत गाणाऱ्या कलावंतालाच जागा होती, आणि लहरीवर गाणाऱ्या भ्रमिष्ट गवयाला वर्षानुवर्षे घरात ठेवून घेण्याइतकी सवड व ऐपत असलेली घरेही विरळ होत गेली.

हे चरित्र पूर्ण व्हायचे तर ते केवळ संगीताच्या ग्रंथांवर लिहून भागणार नाही. सर्कशीच्या जाहिराती, तिच्या मुक्कामांच्या नोंदी, संस्थानी दफ्तरातील बिदागीचे कागद, जुन्या वाड्यांतील छायाचित्रे आणि माळ्यावर पडलेल्या ध्वनिमुद्रिका यांतून रहिमतखाँच्या दिवसांचा माग निघू शकतो. कोल्हापूर, सांगली आणि मिरज परिसरातील ज्या घरांत असे काही असेल, त्यांनी ते रद्दीत वा भंगारात जाऊ न देता शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेला किंवा एखाद्या जबाबदार संग्रहालयाला दाखवावे, निदान त्याची प्रत करू द्यावी, ही सर्व वाचकांना कळकळीची विनंती आहे.

कळंबा, कोल्हापूर